दुसऱ्याच्या दुरुस्तीवर सही

कोहा ही ग्रंथालयांसाठी लिहिलेली ओपन सोर्स, म्हणजे जिचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशी, संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी ती तयार झाली, २००० सालच्या जानेवारीत प्रथम वापरात आली आणि आज आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांची पुस्तके तिच्यावर नोंदलेली आहेत. या प्रकल्पाचा एक नियम आहे. कोणी एखादी दुरुस्ती लिहिली, तर ती लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या शब्दावर आत जात नाही. दुसऱ्या कोणीतरी ती चालवून पाहायची, सांगितल्याप्रमाणे घडते आहे ना याची खात्री करायची आणि तिच्यावर स्वतःच्या नावाची सही ठेवायची. त्यानंतर गुणवत्ता तपासणाऱ्या गटातला आणखी एकजण ती पाहतो आणि मगच ती मूळ कोडात मिसळली जाते. नियम चांगला आहे, परंतु त्यामुळे रांग लागते ती 'सही हवी' या पाटीपाशी. दुरुस्ती लिहायला माणसे मिळतात, कारण तिच्यात काहीतरी घडवल्याचे समाधान असते. दुसऱ्याने लिहिलेली दुरुस्ती पायरीपायरीने करून बघायला, ती अडली तर कुठे अडली हे नीट लिहून काढायला आणि न अडल्यास मुकाट्याने सही करून पुढच्या दुरुस्तीकडे वळायला माणसे मिळत नाहीत.

मी बेळगावात एका महाविद्यालयाची ग्रंथपाल आहे. प्रोग्रामिंग मला येत नाही आणि आता ते शिकण्याची फारशी हौसही उरलेली नाही. तरीही गेली काही वर्षे रविवारी सकाळी आमच्या वाचनकक्षाच्या एका टेबलाभोवती काही विद्यार्थी आणि मी या रांगेतली कामे करीत बसतो. या कामाला माणसे कशी येतात, कशामुळे टिकतात आणि कशामुळे पुन्हा तोंड दाखवत नाहीत, हे तिथे जवळून पाहायला मिळाले, आणि त्याविषयी प्रचलित असलेल्या बऱ्याच समजुती मला पटेनाशा झाल्या.

कंटाळवाण्या कामांची सॉफ्टवेअरमध्ये वाण नाही. आलेल्या तक्रारी वाचून त्यांतल्या दुबार कोणत्या ते ठरवावे लागते. चार वर्षे पडून राहिलेली तक्रार नव्या आवृत्तीतही खरी आहे का, हे करून पाहावे लागते. मदतपुस्तिकेतली जुनी चित्रे बदलावी लागतात. जे लोक जुन्या आवृत्तीवर अडकून पडले आहेत त्यांच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या मागच्या आवृत्त्यांत न्याव्या लागतात. ही कामे राहून गेली तर लगेच काही बिघडत नाही, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचे खरे कारण हेच आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये, संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स प्रकल्पातली हार्टब्लीड ही त्रुटी उघडकीस आली, तेव्हा जगातल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची झोप उडाली. समोरून आलेल्या लांबीच्या आकड्यावर विश्वास ठेवून तेवढी स्मृती परत पाठवून देणारा तो कोड होता. आकडा खरा आहे का, ही एक तपासणी त्यात राहून गेली होती. २०१२ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीपासून ती चूक तशीच होती आणि दोन वर्षे ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. कोड तर सगळ्यांसमोर उघडा पडलेला होता. अनेकांच्या नजरेखालून गेले की चुका आपोआप सापडतात, हा या जगाचा आवडता सिद्धांत. पण ते अनेक म्हणजे नेमके कोण, हे कोणी विचारले नव्हते. निम्म्या इंटरनेटची कुलपे ज्याच्या भरवशावर होती, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्ण वेळ त्याच्यावर काम करणारा माणूस एक होता. जाग आल्यावर कंपन्यांनी त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने निधी उभा केला, हेही सांगायला हवे.

आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांच्या वाट्याला हीच उपेक्षा वेगळ्या रीतीने येते. सॉफ्टवेअरमधली मराठी पुण्यामुंबईत कोणीतरी तपासलीच असेल असे बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सगळे धरून चालतात. पुण्यामुंबईकडे काय धरून चालतात ते मला ठाऊक नाही, पण मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या एकाच यादीत नांदतात तेव्हा काय होते, हे तिथे बसून कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नाही. आमच्या ग्रंथालयात हा रोजचा व्यवहार आहे. एका कपाटात मराठी कथासंग्रह, शेजारच्या कपाटात कन्नड, आणि त्यांच्या नोंदी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कळफलकांवर टंकलेल्या. कोणी इन्स्क्रिप्ट शिकलेला होता, कोणी इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी उमटवणारी सोय वापरली, तर काही नोंदी जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून घेतलेल्या.

एका रविवारी खानापूरकडच्या एका विद्यार्थिनीने विषयाच्या रकान्यात 'कादंबऱ्या' शोधले आणि तिला अपेक्षेच्या निम्मीदेखील पुस्तके सापडली नाहीत. ज्या नोंदी सापडल्या नाहीत त्या तिने दुसऱ्या वाटेने उघडून पाहिल्या, तर तिथेही 'कादंबऱ्या' असेच लिहिलेले, डोळ्यांना तसूभर फरक दिसेना. फरक आतल्या संकेतांमध्ये होता. त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी संकेत ठरवून देणाऱ्या मानकात, तीन वाटा आहेत. नुक्ता, म्हणजे खालचे टिंब, असलेला ऱ हे एक अक्षर घेऊन त्याला हलन्त लावता येतो. साधा र, त्याला सुटा नुक्ता आणि मग हलन्त, असेही लिहिता येते. किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे पडद्यावर न दिसणारा जोडणीचा संकेत. पहिल्या दोन वाटा युनिकोड समान मानते आणि प्रमाणीकरण केले की त्या एक होतात. तिसरी मात्र वेगळीच राहते, आणि शोधणाऱ्या यंत्रणेला हे आधी सांगून ठेवलेले नसेल तर तिला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. या मुलीने ती दुपार त्यात घालवली. प्रत्येक तऱ्हेची एक नमुना नोंद वेगळी काढली, तिन्ही तऱ्हांनी शोध घेतला, कशाने काय सापडले याचा तक्ता केला आणि कोणालाही तसेच करून पाहता येईल अशा क्रमाने सगळे लिहिले. दुरुस्तीचा निम्मा भाग आमच्याच नोंदी एकसारख्या करण्याचा निघाला. तिने कोडाची एक ओळही लिहिली नव्हती. तरी तो तक्ता हातात असलेल्या कोणत्याही प्रोग्रामरचे चार दिवस वाचले असते, असे मला आजही वाटते.

तिच्याबरोबर निपाणीहून शिकायला आलेला एक विद्यार्थी होता. दिवसभर तो तिला नोंदी काढून देत होता. संध्याकाळी निघताना त्याने विचारले, "मॅडम, सकाळपासून बसलोय, पण आम्ही एक ओळ तरी लिहिली काय ओ?" प्रश्न अगदी सरळ होता आणि त्यात तक्रारीपेक्षा कुतूहल अधिक होते. अशा वेळी या कामाचे माहात्म्य सांगणारे एक भाषण ओठांवर येते. जग तुमच्यावर अवलंबून आहे, पाया दिसत नसला तरी इमारत त्यावरच उभी असते, वगैरे. मी ते भाषण करत नाही. वीस वर्षांच्या मुलाला कंटाळा आला आहे हे त्याला कळते आहे, आणि कंटाळ्याला थोर म्हटले की तो कमी होतो असा माझा अनुभव नाही. उलट समोरचा माणूस आपल्याला गुंडाळतो आहे एवढेच त्याच्या ध्यानात येते. मी त्याला म्हटले, नाही, एकही ओळ लिहिली नाहीस, आणि पुढच्या रविवारीही बहुधा लिहिणार नाहीस. तो पुढच्या रविवारी आला.

का आला, हे मी पुढे पुष्कळदा मनाशी घोळवले. माझा निष्कर्ष असा की कंटाळवाणे काम मुळात कंटाळवाणे असते म्हणून माणसे पळत नाहीत. एकट्याने करावे लागते, कुठे संपते ते कळत नाही आणि केल्यावर पलीकडून कोणी हूं की चूं करत नाही, म्हणून पळतात. मोझिलाने फायरफॉक्ससाठी प्रथमच काम पाठवणाऱ्या स्वयंसेवकांविषयी पूर्वी एक पाहणी केली होती. पहिल्या कामाची तपासणी ज्यांना ४८ तासांच्या आत मिळाली ते फार मोठ्या प्रमाणात पुन्हा आले. ज्यांना ७ दिवसांहून अधिक थांबावे लागले त्यांच्यातले जवळजवळ कोणीच परतले नाही. ही पाहणी मला पहिल्या वाचनातच पटली, कारण वाचनालयात नवा सभासद पहिल्या खेपेला काउंटरपाशी ताटकळला की तो दुसऱ्यांदा क्वचितच येतो. म्हणून आमच्या टेबलावर एकच शिस्त कडकपणे पाळली जाते: कोणी काही करून दाखवले तर ते त्याच दिवशी, तो उठून जाण्यापूर्वी, दुसऱ्याने पाहायचे.

कामाचा तुकडा किती मोठा कापावा, याचेही एक तारतम्य असते. 'मदतपुस्तिका सुधारायची आहे, कोणी येणार का' असे म्हटले की माना डोलतात आणि टेबल रिकामे राहते. 'पुस्तके देवघेव करण्याच्या प्रकरणातली चित्रे जुन्या आवृत्तीची आहेत, ती आज दुपारपर्यंत नवी काढून द्यायची' असे म्हटले की दोघे पुढे येतात. या बाबतीत कोहाच्या मंडळींनी जी सोय करून ठेवली आहे तिचे मला विशेष कौतुक वाटते. त्यांचे 'सँडबॉक्स' म्हणून काही सर्व्हर आहेत. तिथे तक्रारीचा क्रमांक द्यायचा, की तिच्यावरची दुरुस्ती लावलेली कोऱ्या कोहाची एक प्रत थोड्या वेळात तयार होते. ब्राउझरमधूनच ती वापरून पाहायची, आणि पटली तर तिथल्याच अर्जात नाव लिहून सही करायची. आपल्या यंत्रावर काहीही बसवावे लागत नाही. ज्या मुलांकडे लॅपटॉप नाही, किंवा आहे तो भावाचा उतरलेला आहे, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. ग्रंथपालांना प्रोग्रामर बनवण्याचा हट्ट न धरता, ग्रंथपाल आहेत तसेच उपयोगी पडावेत अशी व्यवस्था कोणीतरी विचारपूर्वक उभी केली. माणसे जमत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या कितीतरी प्रकल्पांत नवख्याला पहिली सूचना मिळते ती चाळीस पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे संच, बसवण्याची, आणि तिथेच त्याचा रविवार संपतो.

बक्षिसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. डिजिटलओशन या कंपनीने २०१४ मध्ये सुरू केलेला हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली ती संख्या चार होती. हेतू भला होता, पण त्या वर्षी महिना उजाडताच जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. माहितीच्या पानावर एखादे विशेषण घुसडायचे, एखादी मोकळी ओळ वाढवायची, की झाला एक बदल. प्रकल्प सांभाळणाऱ्यांचे दिवस ते नाकारण्यात जाऊ लागले आणि पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सामील होतील त्यांच्यापुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला. कंटाळवाण्या कामाला माणसे मिळवण्याच्या नादात कंटाळवाणे काम वाढवून ठेवल्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. आमच्याकडे त्याचा धाकटा भाऊ म्हणजे ॲक्टिव्हिटी पॉइंट, अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी मिळणारे गुण. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना पदवीबरोबर असे १०० पॉइंट जमवावे लागतात, त्यामुळे टेबलापाशी येणारा निम्मा विद्यार्थिवर्ग पहिला प्रश्न त्याचाच विचारतो. मी त्यांना दोष देत नाही, ती त्यांची गरज आहे. पण पॉइंटांसाठी आलेला आणि पॉइंट मिळाल्यावरही थांबलेला विद्यार्थी मला फार थोड्या वेळा दिसला आहे.

त्यापेक्षा मला आमच्या गावोगावच्या साहित्य संमेलनांकडून अधिक शिकायला मिळाले. येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा अशा गावांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलने भरतात. पाहुणे बाहेरून येतात, ग्रंथदिंडी निघते, व्यासपीठावर भाषणे होतात. आणि मंडपाच्या मागच्या बाजूला शंभर हात भाताच्या पातेल्यांशी, खुर्च्यांशी, पाण्याच्या टाकीशी झगडत असतात. त्या हातांना मराठीच्या अस्मितेवर व्याख्यान देऊन कोणी बोलावलेले नसते. गल्लीतला मित्र 'चल रे, वाढायला माणूस कमी पडतोय' म्हणतो म्हणून पोरगा जातो. दुपारची शेवटची पंगत उठली की आपले काम संपणार, हे त्याला आधीच माहीत असते. आणि दोन-तीन वर्षे वाढपी म्हणून राबल्यावर, मंडपाचे तोंड कुठल्या बाजूला करायचे, पाण्याचा टँकर कुठे लावायचा, याविषयीच्या बैठकीत त्याला बोलावले जाते आणि त्याचे ऐकलेही जाते, कारण गेल्या खेपेला गर्दी कुठे तुंबली ते त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. व्यासपीठावर त्याचा सत्कार झाला नाही तरी चालते. बैठकीत बोलावले नाही तर मात्र तो पुढच्या वर्षी येत नाही.

या शेवटच्या गोष्टीकडे ओपन सोर्सच्या जगाने फार उशिरा पाहिले. आभार मानण्याची पद्धत तिथे जुनी आहे, आणि काही ठिकाणी ती चांगलीच काटेकोर आहे. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, त्रुटी कळवणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे आणि परीक्षण करणाऱ्याचे नाव 'रिपोर्टेड-बाय', 'टेस्टेड-बाय', 'रिव्ह्यूड-बाय' अशा शीर्षकांखाली त्या बदलाच्या नोंदीतच कायमचे लिहिले जाते. पण नाव लिहिणे वेगळे आणि मत देणे वेगळे. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली बनवणारा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला, आणि पॅकेज न बनवणाऱ्या, म्हणजे भाषांतर, दस्तऐवज, चित्रे, व्यवस्था अशी कामे करणाऱ्या माणसांनाही मतदानाच्या हक्कासह पूर्ण सभासद करून घ्यावे असा ठराव तिथे २०१० मध्ये झाला. त्यापूर्वी वर्षानुवर्षे भाषांतर करणारा माणूस प्रकल्पाचा नेता निवडताना बाहेर उभा असे. आमच्या छोट्या टेबलावर मी हेच करून पाहते. ज्या मुलीने 'कादंबऱ्यां'चा तक्ता केला, तिनेच आता मराठी नोंदी टंकण्याचे आमच्या ग्रंथालयाचे नियम ठरवले आहेत. माझ्याच एका जुन्या सवयीला तिने त्यात मनाई केली आहे, आणि ती मी पाळते. तिचे येणे त्यानंतर कधी खंडित झाले नाही.

या मताला एक मोठी हरकत आहे, आणि ती मी टाळू इच्छित नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या, फायली आकसून ठेवणाऱ्या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. तो घालणारी व्यक्ती 'जिया टॅन' या नावाने वावरत होती, आणि तिने तिथे प्रवेश मिळवला होता तो नेमका या कंटाळवाण्या कामांच्या वाटेने. दोन वर्षांहून अधिक काळ ती मुकाट्याने दुरुस्त्या पाठवत होती, मदत करत होती. प्रकल्प सांभाळणारा माणूस एकटा होता, बिनपगारी होता, मानसिक त्रासाने थकलेला होता, आणि त्याने ते उघडपणे सांगितलेही होते. त्याच सुमारास कधी न पाहिलेली माणसे टपालयादीवर येऊन, काम फार संथ चालले आहे, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या, असा तगादा लावू लागली. अधिकार दिले गेले. चोरदरवाज्याचा मुख्य भाग दडवला होता तोही चाचण्यांच्या फायलींमध्ये, म्हणजे ज्या कपाटात कोणी डोकावत नाही अशा जागी. तो उघडकीस आला, कारण पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड वेगळ्याच चाचण्या घेत असताना, दूरच्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांना खटकले आणि त्या अर्ध्या सेकंदाचा त्यांनी पिच्छा पुरवला.

तेव्हा राबणाऱ्याला अधिकार द्या म्हणणे धोक्याचे आहे काय? या प्रकरणावरून अनेकांनी तसा अर्थ काढला आणि नवख्यांकडे संशयाने पाहायला सुरुवात केली. मला त्यात उलटेच दिसते. तिथे अधिकार देणारा एकटा होता आणि घेणाराही एकटा. चाचण्यांच्या फायली वाचणारी आणखी चार साधी माणसे त्या प्रकल्पाभोवती असती, तर तगादा लावणाऱ्यांना उत्तर द्यायला कोणीतरी असते, थकलेल्या माणसाला महिनाभर बाजूला होता आले असते, आणि नव्या माणसाच्या प्रत्येक बदलावर दुसऱ्या कोणाचीतरी सही लागली असती. ज्या 'सही हवी'च्या रांगेला कोहातले लोक कधीकधी कावतात, ती रांग अशा वेळी पहाऱ्यासारखी उपयोगी पडते. म्हणून आमच्याकडे कोणतेही काम आणि कोणताही पासवर्ड एकाच्या हाती ठेवायचा नाही, असे मी ठरवले आहे. यात मीही आले. बाहेरगावी जाते तेव्हा टेबल बंद पडत नाही, हा त्याचा आणखी एक लाभ.

पैशांचा विषय काढल्याशिवाय स्वयंसेवेबद्दल बोलणे मला अप्रामाणिक वाटते. लिनक्स कर्नलवर बहुतेक काम पगारी माणसे करतात, तरी तिथेही जुन्या आवृत्त्या सांभाळण्याचा भार इतका झाला की दीर्घकालीन आवृत्ती सहाऐवजी दोन वर्षेच सांभाळली जाईल असे २०२३ मध्ये सांगावे लागले. जिथे पैसा आहे तिथे ही स्थिती, तर रविवारी सकाळी खानापूरहून रेल्वेने येणाऱ्या मुलीकडून किती अपेक्षा ठेवायची याला काही मर्यादा हवी. ज्या कामातून एखादी कंपनी बक्कळ पैसा मिळवते आहे, ते काम मी आमच्या टेबलावर घेत नाही. त्यांनी उद्यमबाग या आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या कोणा होतकरू मुलाला पगार देऊन ते करून घ्यावे. आम्ही घेतो ती कामे आमच्याच गरजेची, म्हणजे मराठी आणि कन्नड नोंदींशी, छोट्या वाचनालयांशी संबंधित. आपली स्वतःची अडचण असली की कंटाळा सोसवतो, हे मी वेगळे सांगायला नको. आणि त्यातही येण्याजाण्याचा खर्च आणि दुपारचे जेवण यांची सोय झाल्याशिवाय कोणाला बोलावत नाही, कारण फुकट राबण्याची चैन ज्यांना परवडते त्यांचीच नावे शेवटी यादीत दिसत राहतात.

सध्या टेबलावर आहे तो क्रमाचा प्रश्न. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे बसवलेले आहे, आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. निव्वळ संकेतांच्या क्रमाने यादी लावली की 'बेळगाव' हे 'बेहडा' च्या आधी येते, आणि मराठी शब्दकोश चाळण्याची सवय असलेला वाचक भलत्याच जागी शोधत बसतो. त्यात आमच्या यादीत कन्नड नावेही आहेत. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांची युनिकोडमधली मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली असल्यामुळे त्यांचे क्रम एकमेकांना समांतर आहेत, पण यादी लावताना आधी सगळी देवनागरी आणि मग सगळी कन्नड असे दोन ढीग पडतात. एकाच लेखकाची मराठी आणि कन्नड पुस्तके शेजारी दिसावीत, की लिप्या वेगळ्याच ठेवाव्यात, यावर टेबलावर दोन तट आहेत आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. दोन्ही लिप्या सराईतपणे वाचणारी मुले असल्याशिवाय हा वाद उद्भवलाच नसता. कोहाच्या आवृत्त्या मे आणि नोव्हेंबरमध्ये निघतात. मे महिन्याची आवृत्ती आमच्या परीक्षांच्या तोंडावर येते आणि नोव्हेंबरची दिवाळीला चिकटून, त्यामुळे पुढच्या आवृत्तीसाठीची कामे यंदा जानेवारीतच वाटून घेतली आहेत. मराठी क्रमाच्या चाचण्या खानापूरची मुलगी लिहिते आहे आणि निपाणीचा मुलगा त्या करून पाहणार आहे. कन्नड क्रमाच्या चाचण्या तो लिहील आणि सही तिची असेल. मदतपुस्तिकेतले एक प्रकरण अजून कोणी घेतलेले नाही. त्यात चित्रे फार आहेत, पण एका दुपारचे काम आहे.